धुतलेलं शाईपेन पुन्हा पुन्हा का अडतं?

होळी झाली की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: पेन धुतलं, नवी शाई भरली, चार दिवस झकास चाललं आणि परत अडायला लागलं. मग कोणी निब बदलतं, कोणी शाईला नावं ठेवतं, कोणी पेन खणात टाकून बॉलपेन उचलतं. जळगाव-भुसावळकडे मार्च ते जून हा त्रास जास्त, पण शिरपूर-शहाद्याकडेही वेगळं काही नाही.

पेन अडलं यात नवल नाही. शाई वाळली, अडलं, धुतलं, चाललं. धुऊनही तेच पेन परत परत अडत असेल तर मात्र आपण नको ती जागा धुतोय, नाहीतर नको त्या पाण्याने धुतोय. निब यात बहुतेक वेळा निर्दोष असते. ती समोर दिसते म्हणून तिच्यावर आळ येतो आणि पिना, ब्लेड, सँडपेपर सगळं तिच्यावरच चालतं. एकदा तिची चीर फाकली की मग खरोखरच नवी निब लागते.

पेन उघडण्याआधी एवढंच आठवा: धुतल्यापासून किती वेळाने ते अडतं? पानाच्या मध्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवड्याने, की दर धुण्यागणिक आणखी बिघडत जातं? कारण जवळजवळ नेहमी या वेळेवरूनच ओळखू येतं.

अर्ध्या पानात दम सुटतो

निबेच्या खाली काळी जीभ असते. तिच्यात मधोमध एक बारीक खाच असते आणि पोटाला आडवे दाते कापलेले असतात. खाचेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. हवेला वर जायला वाट नसेल तर वर कितीही शाई असो, ती खाली उतरत नाही. सुरुवातीला दात्यांमध्ये साठलेल्या शाईवर पाच-सात ओळी निघतात, मग अक्षर फिकट होत जातं आणि शेवटी कोरडं.

अडलं की पेन फडक्यावर उभं धरायचं, निब वर, आणि नळीचा आटा एक फेरा सैल करून परत आवळायचा. लगेच चालू झालं तर हवेचीच अडचण आहे. नव्या पेनात हे बऱ्याचदा कारखान्यातल्या तेलकटपणामुळे होतं. पेल्याभर पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून पुढचा भाग त्या पाण्याने चांगला खळबळून काढला की काम होतं. कन्व्हर्टरचं, म्हणजे आत शाई ओढून घ्यायची सुटी नळी असलेलं पेन असेल तर शाई वरच्या टोकाला चिकटून बसते, टिचकी मारली की खाली येते. या प्रकारात यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही.

सकाळी उठत नाही

रात्री चांगलं चाललेलं पेन सकाळी पहिल्या दोन शब्दांना नखरे करतं आणि मग सुरळीत चालतं, तर टोपण बघा. टोपण स्वच्छ धुवायचं (हे आधी करा, नाहीतर दिवसभर निळे ओठ घेऊन फिराल), कोरडं करायचं आणि उघड्या बाजूने तोंडात धरून हवा ओढायची. ओठाला घट्ट बसलं तर ठीक. हवा येत राहिली तर टोपणाला तडा आहे, नाहीतर क्लिपची कडी सैल झाली आहे. काही टोपणांना कंपनीनेच भोक ठेवलेलं असतं. तशी पेनं मुंबईच्या दमट हवेत खपून जातात, आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या झळांमध्ये रातोरात सुकतात. कडी आवळून भागलं नाही तर ते पेन पावसाळ्यासाठी ठेवा आणि उन्हाळ्यात आट्याचं, आत प्लास्टिकचं अस्तर असलेलं टोपण वापरा. दाबून बसवायच्या टोपणापेक्षा आट्याचं टोपण साधारणपणे हवा कमी सोडतं.

आठवड्याने अडतं

आपल्याकडचा खरा रोग हाच.

शाई म्हणजे बहुतांश पाणी. त्यात रंग, थोडं बुरशीरोधक आणि शाई नीट उतरावी म्हणून घातलेले एक-दोन पदार्थ. उन्हाळ्यात पेनातून सतत पाणी उडत असतं, टोपण लावलेलं असलं तरी. पाणी उडतं, रंग उडत नाही. म्हणजे आठ दिवसांत नळीतली शाई थोडी आणि जिभेच्या दात्यांमधली शाई बरीच दाट होते. आपण काय करतो? पातळी खाली गेली म्हणून वरून नवी शाई भरतो. दाट शाईत आणखी रंग. पुढच्या आठ दिवसांनी तेच. असं महिनाभर चाललं की दात्यांमध्ये मधासारखी चिकट शाई बसते आणि पेन अडतं.

याला उपाय फुकटचा आहे. एप्रिल-मेमध्ये पेन जड चालायला लागलं, अक्षराचा रंग नेहमीपेक्षा गडद दिसायला लागला, तर शाई भरू नका. ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचे एक-दोन थेंब नळीत टाका, पेन हलकेच वरखाली करा, निब खाली करून पाच मिनिटं ठेवा. निम्म्याहून अधिक पेनं एवढ्यानेच चालतात. बाटलीतल्या शाईतही हेच होतं. वर्षभर उघडझाप केलेल्या बाटलीची शाई नव्या बाटलीपेक्षा दाट असते, तिलाही थोडं पाणी चालतं.

एवढ्याने भागलं नाही तर पूर्ण धुणं आलं, आणि इथेच सगळे घाई करतात. नळाखाली निब धरायची, पाणी निळं यायचं थांबलं की झालं, असं समजतात. नळाचं पाणी निबेवरून आणि जिभेच्या वरवरून जातं, दात्यांच्या तळाशी आणि मागच्या दांड्यात पोहोचत नाही. मेडिकलमधून ५ किंवा १० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका. सिरिंजचं तोंड पेनाच्या पुढच्या भागाला मागून लावा. ते बसत नसेल तर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा मध्ये घाला. मग पाणी मागून पुढे ढकला आणि पुढून मागे ओढा. आलटून पालटून. ओढताना जे येतं ते बघण्यासारखं असतं, कारण ढकलून स्वच्छ वाटलेल्या पेनातून ओढलं की परत गडद निळा धूर निघतो.

नंतर तो भाग निब खाली करून काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवा. पांढऱ्या भिंतीसमोर पेला ठेवलात तर निबेच्या टोकातून शाईची एक बारीक तार सरळ तळाशी जाताना दिसते, खाली पोहोचली की गोल पसरते. ती तार दिसते आहे तोवर आत शाई आहे. पाणी बदलत राहायचं. तार दिसेनाशी झाली की निबेचं टोक मऊ सुती फडक्याला टेकवून ठेवायचं. फडकं आतलं पाणी ओढून घेतं. डाग अगदी फिकट आला, म्हणजे झालं.

वाळवणं सावलीत. या एका मुद्द्यावर माझा आणि शेजारच्या आबांचा दर उन्हाळ्यात वाद होतो.

"आबा, पेन गच्चीवर कशाला वाळत घातलंत?"

"अरे भो, सावलीत दिवसभर लागतो. इथे तासाभरात खडखडीत."

"काळं होतं ना ते घेतलं तेव्हा? आता बघा, शेवाळी झालंय."

"ते होय! मला वाटलं शाई चढली."

आबांचं पेन एबोनाइटचं आहे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. आपल्याकडची हाताने कातलेली जुनी पेनं आणि बऱ्याच पेनांच्या जिभा याच्याच असतात. ऊन आणि गरम पाणी दोन्ही त्याला सोसत नाही. आधी काळा रंग तपकिरी-हिरवट होतो, पाणी फारच गरम असेल तर जीभ वाकते आणि निबेपासून सुटते. मग शाई उतरत नाही आणि धुण्याने ते कधीच सुधारत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, तेही गरम पाण्यातच धरा. रात्री बादलीत काढून ठेवलेलं पाणी सकाळी वापरावं. वाळायला मेमध्ये पंख्याखाली तीन-चार तास पुरतात, श्रावणात दीड दिवसही लागतो.

दर धुण्यागणिक आणखी बिघडतं

हे सगळ्यात चक्रावून टाकणारं आणि कारण सगळ्यात साधं: बोअरचं पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. धुतल्यावर जिभेच्या खाचेत राहिलेलं पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. पुढच्या धुण्याला आणखी एक थर. कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत जे पांढरं साचतं तेच इथे केसाएवढ्या खाचेत साचतं, फरक इतकाच की दिसत नाही. शिवाय काही शायांमधला रंग कॅल्शियमशी जुळला की साका धरून बसतो. म्हणजे जितकं मन लावून धुवाल तितकं वाईट.

आपलं पाणी कसं आहे ते बघायला प्रयोगशाळा नको. जुना आरसा घ्या. त्यावर बोअरच्या पाण्याचा एक थेंब, नगरपालिकेच्या नळाचा एक, आरओचा एक असे ओळीने टाका आणि सावलीत वाळू द्या. बोअरच्या थेंबाच्या जागी काठाला जाड पांढरं कडं आणि आत भुकटी दिसते. नळाच्या थेंबाचं कडं पातळ. आरओच्या जागी तिरकं बघितलं तरच काहीतरी दिसतं. ज्या पाण्याचं कडं नखाने खरवडून निघतं, ते पेनात घालू नका.

सुरुवातीचं खळबळणं कुठल्याही पाण्याने करा, त्यात वाया घालवायला आरओचं पाणी नको. शेवटचे दोन-तीन हात मात्र आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, इन्व्हर्टरवाले घेतात तेच. घेताना लेबल वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं आणि कॅन सारखेच दिसतात.

आधीच थर बसला असेल तर पांढरं व्हिनेगर. किराणा दुकानातल्या साध्या व्हिनेगरचा १ भाग आणि डिस्टिल्ड पाणी १० भाग, त्यात पुढचा भाग २० मिनिटं, मग भरपूर पाणी. रात्रभर ठेवू नका. स्टीलच्या निबेवरचा सोनेरी मुलामा उडतो आणि खाली गंज धरतो.

आत शाई कुठली होती?

व्हिनेगर, अमोनिया, साबण हे सगळं कशावर चालतं ते शाईवर ठरतं. पेनात कुठली शाई होती हे आठवत नसेल तर वहीच्या कागदावर एक जाड रेघ मारा, दिवसभर वाळू द्या आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. रेघ पूर्ण विरघळून पसरली तर साधी रंगाची शाई. निळेपणा वाहून गेला पण खाली करडी-काळी रेघ शिल्लक राहिली तर लोहाची शाई. रेघ जागची हललीच नाही तर कणांची, म्हणजे पिगमेंटची किंवा वॉटरप्रूफ ड्रॉइंगची शाई.

साधी शाई पाण्याने जाते. जुनी आणि घट्ट झालेली असेल तर अमोनियाचं पातळ पाणी. घरगुती सफाईचा अमोनिया असेल तर १ भागाला १० भाग पाणी. पण आपल्याकडे केमिकलच्या दुकानात मिळतो तो बहुधा लायकर अमोनिया, तो खूप कडक असतो. त्याच्या १ भागाला निदान ३० भाग पाणी घ्या, ओट्यावर नको, ओसरीत किंवा गच्चीत बसून करा, आणि बाटलीत नाक घालू नका. साबणाचा एक थेंब, अर्धा तास भिजवण, मग पाणीच पाणी. पितळी आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात बुडवायचे नाहीत. अमोनियाच्या जवळपास ब्लीचची बाटलीसुद्धा येऊ देऊ नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो.

लोहाच्या शाईला मात्र अमोनिया पहिल्यांदा लावायचा नाही. या शाईत लोहाचा क्षार आणि टॅनिन असतं. हवा लागली की ती काळी पडते आणि पाण्यात न विरघळणारी होते, कागदावर ती टिकते ती त्यामुळेच. अमोनियाने तिच्यातलं लोह उलट साक्यासारखं खाली बसतं. तिच्यावर क जीवनसत्त्व चालतं, साधं ॲस्कॉर्बिक ॲसिडचं चूर्ण. १०० मिली पाण्यात अर्धा लहान चमचा, तासभर भिजवायचं, मग धुवायचं. काळा लोहसाका परत विरघळणाऱ्या रूपात जातो आणि पाणी पिवळट होतं. मेडिकलमधली चघळायची नारिंगी गोळी वापरू नका, तिच्यात साखर आणि रंग असतो आणि पेनात साखर म्हणजे मुंग्यांना आवतण.

आणि कणांची शाई. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद बघितलेत तर कळेल की काजळीची काळी शाई किती टिकते. कागद पिवळे पडले, कडा झिजल्या, अक्षर काळंच. काजळी म्हणजे कार्बन. ती विरघळत नाही, फिकी होत नाही, आणि वाळून बसली की पेनातूनही निघत नाही. बोरूने लिहिणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. बोरूला ना नळी ना खाच, पुसला की झालं, झिजला की परत छाटला. शाईपेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक भरली आणि आठवडाभर विसरली, तर ते पेन गेलं असं समजून चाला. बऱ्याच ड्रॉइंग शायांमध्ये लाखही असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून काहीजण स्पिरिट किंवा सॅनिटायझर ओततात. ॲक्रिलिक आणि सेल्युलॉइडच्या पेनाला स्पिरिटने तडे जातात. लाख निघेल, पण पेन हातात तुकड्यांनी येईल.

ड्रॉइंगची पेनं

एटीडीची (कलाशिक्षक पदविकेची) मुलं, नकाशे काढणारी जुनी मंडळी आणि हौशी शाई-चित्रकार यांच्याकडे अजून नळीच्या टोकाची टेक्निकल पेनं आहेत. रोट्रिंग या जर्मन कंपनीने रॅपिडोग्राफ नावाचं असं पेन १९५३ साली बाजारात आणलं, आणि कॉम्प्युटर येईपर्यंत आर्किटेक्टच्या टेबलावर त्याच जातीच्या पेनांचं राज्य होतं. वडिलांच्या कपाटात अशा पेनांचा डबा सापडला आणि एकही चालत नाही, हे खूपदा होतं.

यांचं टोक म्हणजे पोकळ पोलादी नळी. आत एक केसासारखी तार, तिच्या मागे छोटं वजन. पेन कानाजवळ धरून वरखाली हलवा. टक टक आवाज आला तर तार मोकळी आहे आणि पेन वाचलेलं आहे. आवाज नाही, तर आतली शाई सिमेंट झाली आहे. आवाज येईपर्यंत टोक खोलून तार ओढायची नाही, हा नियम मोडणाऱ्यांमुळेच बाजारात ०.१८ आणि ०.२५ मिलिमीटरची इतकी मुकी पेनं फिरतात. ०.३५ पर्यंतची तार एकदा बाहेर आली की परत नळीत घालणं शंभरात एखाद्याला जमतं. वाकली तर संपलंच. ०.५, ०.७, १.० ची तार जाड असते, ती जपून काढून पुसता येते. आकडा पुसला गेला असेल तर रंगाच्या पट्टीवरून ओळखा: लाल ०.१८, पांढरी ०.२५, पिवळी ०.३५, तपकिरी ०.५, निळी ०.७.

मुक्या पेनाचं टोक काढून अमोनियाच्या पातळ पाण्यात भिजत घाला, पाणी काळं झालं की बदला. ही घाईची गोष्ट नाही. कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा. मध्ये मध्ये बाहेर काढून हळूच हलवायचं, कानाशी धरायचं.

याहून लवकर करायचं असेल तर जळगावकरांच्या हाताशी एक सोय आहे जी इतरांना शोधावी लागते. सराफाकडे दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन असतं. ओळखीच्या सराफाला गाठा, गिऱ्हाईक नसेल अशा दुपारी जा आणि टोक छोट्या काचेच्या बाटलीत साबणाच्या पाण्यात बुडवून ती बाटली मशीनच्या पाण्यात ठेवायला सांगा. टोक थेट मशीनमध्ये टाकू नका, त्यातल्या पाण्यात दागिने धुवायची रसायनं असतात. एक-दोन मिनिटांत बाटलीत काळा ढग उठताना दिसतो. दहा मिनिटांनंतरही ढग उठला नाही तर नाद सोडा. चष्म्याच्या दुकानातही हे मशीन असतं. सराफाकडून आणखी एक गोष्ट मिळते, डोळ्याला लावायचं दहापट भिंग. निबेची चीर सरळ आहे की एक पाकळी वर चढली आहे, हे त्याशिवाय दिसतच नाही. स्वस्त वह्यांच्या कागदाचे तंतू चिरेत अडकलेले असतात तेही त्यातूनच कळतं. तंतू काढायला पिन नको, पितळी शिमची, म्हणजे अगदी पातळ पत्र्याची पट्टी चिरेतून एकदा हलकेच सरकवायची, बस.

वापरात असलेलं टेक्निकल पेन नेहमी टोक वर करून ठेवायचं. दहा दिवस हात लावणार नसाल तर रिकामं करून धुऊन ठेवायचं. त्यात लाखेची शाई कधीच नको, टेक्निकल पेनासाठी म्हणून विकतात तीच.

टाक आणि होल्डरची निब यांचा प्रश्न उलटा असतो. ती अडत नाही, शाईच धरत नाही, थेंब गोळा होऊन टपकन पडतो. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. टूथपेस्ट लावून बोटाने घासली, धुतली, पुसली की शाई पसरून बसते. काम झाल्यावर तिथल्या तिथे धुऊन कोरडी करायची, ओली ठेवली तर एका रात्रीत गंजते. फाइनलायनर धुवायच्या भानगडीत पडू नका, त्याचं टोक तंतूंचं असतं, दबलं की दबलं.

आणि हे गळणं?

पेन अडतं म्हणून धुणाऱ्यांपैकी निम्म्यांची दुसरी तक्रार असते की तेच पेन खिशात गळतं. तिथे धुण्याचा संबंध नाही, हवेचा आहे. ड्रॉपरने भरायच्या ३ मिलीच्या पेनात शाई निम्मी उरली की वर दीड मिली हवा असते. घरात २७ अंशाला असलेलं पेन शर्टाच्या खिशातून ४५ अंशाच्या उन्हात आलं की ती हवा साधारण ६ टक्के फुगते, म्हणजे ०.०९ मिली. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिलीचा धरला तर जवळपास दोन थेंब शाई बाहेर ढकलली जाते. जीभ थोडी धरून ठेवते, उरलेली टोपणात, तिथून खिशाला. म्हणून भर दुपारी बाहेर पडताना पेन एकतर गच्च भरलेलं ठेवा, नाहीतर रिकामं, आणि निब वरच. आत शाई जितकी कमी आणि हवा जितकी जास्त, तितकं पेन जास्त गळतं. दुचाकीच्या डिकीत तर कुठलंच पेन ठेवू नका.

आट्यातून झिरपत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, रबरी रिंग फुगवतं. ग्रीस मिळालं नाही तर टेफ्लॉन टेप, आट्यावर दीड-दोन फेरे. जळगाव पाइप आणि चटयांचं गाव आहे, टेफ्लॉन टेप नाही असं हार्डवेअरचं दुकान इथे सापडणार नाही.

पावसाळ्यात याच्या उलट बुरशी. बाटली उघडल्यावर कुबट वास आला किंवा शाईवर साय धरलेली दिसली, तर ती बाटली पूर्ण ओतून द्या, गाळून वापरू नका. त्या बाटलीतून भरलेली सगळी पेनं अमोनियाच्या पाण्याने धुवा. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतायची सवय असेल तर ती बुरशी तिथूनच आलेली असते.

एवढं सगळं करूनही पेन आठवड्यात अडत असेल, तर निब आणि जीभ ओढून बाहेर काढा (रबराचा तुकडा धरून, सरळ, पिळून नाही) आणि जीभ उजेडात धरून बघा. खाच सरळ आहे का, निबेला टेकते ती बाजू सपाट आहे का. तिरकी किंवा मध्ये पोकळ दिसली तर ती उष्णतेने वाकलेली आहे. हाताने पेन कातणाऱ्यांकडे त्या मापाची एबोनाइटची जीभ सुटी मिळते. जुनी निब तिच्यावर बसवून घ्या, आणि पहिली शाई भरायच्या आधी ती जीभ साबणाच्या पाण्याने एकदा धुऊन घ्या.